माझ्या वाटणीचं गवत

शोळिंगनल्लूर, चेन्नई
२ जुलै, बुधवार

काशिनाथ,

माझ्या वाटणीच्या गवतावर औषध मारायला तुला कुणी सांगितलं, ते पहिल्या ओळीत लिही. खुशाली मागनं लिही. नाही म्हणू नकोस. तुझ्याच बायकोने, सुनेत्राने, फोटो पाठवलाय.

डोंगराचं निम्मं अंग हिरवं आणि निम्मं करपलेल्या भाकरीच्या रंगाचं. मधली रेघ अशी सरळ की पट्टी ठेवून मारावी. मी ऋजुताच्या पोरीला भरवत होते. चमचा हातात, फोन हातात, आणि मी बसले ती बसलेच. पोर रडायला लागली तेव्हा कळलं की वरणभात माझ्या पदरात सांडलाय. ऋजुताला म्हटलं, हा फोटो बिघडलाय का बघ, रंग उतरलेत. तिने डोळ्यांजवळ नेऊन बघितला. म्हणाली, "मावशी, फोटो ठीक आहे."

चार एकराचं कुरण, काशिनाथ. आजोबांनी राखलं, बाबांनी राखलं. पाऊस पडला की काट्यांनी बंद करायचं, दसऱ्यापर्यंत आत कुणी जायचं नाही, दसऱ्यानंतर विळा लावायचा, गंज रचायची, आणि त्यावर वर्षभर जनावरं जगायची. त्यात कुणी कधी नांगर घातला नाही. औषधाचा तर प्रश्नच नव्हता. आणि तू पाठीवर पंप घेऊन गेलास नि माझं दोन एकर मारून आलास, असं कसं झालं? हात कसा उचलला?

फोन तू उचलत नाहीस. सुनेत्रा म्हणते वाडीत रेंज नसते. फोटो पाठवायला रेंज मिळते, बहिणीशी बोलायला मिळत नाही, बरं आहे. म्हणून हे पत्र. चौथी झालेल्या बाईचं अक्षर आहे, नीट वाच. पोस्टमनच्या समोर फोडशील म्हणजे फेकता येणार नाही.

दीड वर्षापूर्वी देवळासमोर पाच माणसांत मी जे बोलले ते आजही बोलते. एकच डोंगर, एकच पाऊस. बाबांनी वाटणी करताना दोरी आडवी धरली नाही, वरच्या कातळापासून खाली ओढ्यापर्यंत उभी धरली, का, तर वरची चार बोटं मातीही दोघांना मिळावी नि खालची हातभर मातीही दोघांना मिळावी. डावं तुला, उजवं मला. मग तुझ्यात गवत कमरेला आणि माझ्यात गुडघ्याला, हे कसं? दुष्काळी साल होतं म्हणतोस, तर दुष्काळ काय रेघ बघून पडतो? तुझ्या म्हशी माझ्या बाजूला चरत होत्या. मी डोळ्यांनी बघितल्या नाहीत, पण दुसरं काय असणार. माझ्या भागात तर तणाची काडी नव्हती. मी स्वतः हाताने साफ ठेवलं होतं, तांदळातले खडे वेचावेत तसं.

ते सगळं बोलून मी गप्प इकडे आले. परक्या गावात परक्याची पोर सांभाळते. ऋजुता पाटणची आहे, चांगली आहे, तिचा नवराही चांगला, पण घर ते घर नाही. बाराव्या मजल्यावर राहते मी. इथे खिडकी उघडली की गरम वारा आणि रस्त्याचा धुरळा. तरी कधी तुला काही मागितलं नाही. आणि तू माझ्या माघारी माझं गवत मारलंस.

काय मारलंस, कुठून आणलंस, कशासाठी मारलंस. लगेच लिही.

सगुणा


११ जुलै, शुक्रवार

काशिनाथ,

कार्ड आलं. वॉचमनने आणून दिलं, लिफ्टमध्येच वाचलं. बारा मजले वर गेले, उतरायचं विसरले, परत खाली आले.

तू लिहिलंस ते इथे पुन्हा लिहिते, म्हणजे तूच लिहिलंस ना हे तुलाही कळेल. "ताई, पंचांसमोर तू म्हणालीस, दोन्ही भाग सारखे कर, नाहीतर माझं तोंड बघू नकोस. मी तेव्हा बोललो नाही. आता सारखे करतोय. तुझा भाग झाला. माझा भाग नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, ३० तारखेला मारणार. मग दोन्हीकडे एकच हत्तीगवत लावणार. एकाच दिवशी, एकाच हाताने. मग कमीजास्त बोलायला जागा राहणार नाही. काशिनाथ."

आम्ही सगळे बरे आहोत, एवढंसुद्धा नाही.

हो, म्हणाले होते मी. सारखे कर म्हणाले होते. पाच माणसं साक्षीला आहेत. पण सारखे कर म्हणजे माझं तुझ्याएवढं कर, एवढी साधी गोष्ट तुला कळली नाही? का कळली, नि मुद्दाम हे केलंस? मी दोन दिवस तेच घोकतेय. भाजीत मीठ दोनदा पडलं. ऋजुताचा नवरा मुकाट जेवला, नंतर तांब्याभर पाणी प्यायला.

शेजारी सीतालक्ष्मी अम्मा राहतात. तंजावरकडच्या मराठी, तीनशे वर्षांपासून इकडेच. त्यांची मराठी ऐकली तर तुला वाटेल पोथी वाचतायत, मधेच तमिळ. नुंगंबाक्कमला कचेरीत कारकून होत्या, आता पेन्शन खातात आणि माझं डोकं खातात. त्यांना कार्ड दाखवलं. चष्मा पुसून पुसून वाचलं त्यांनी.

म्हणाल्या, "अक्का, तूं सांगितलंस तेंच त्यानं केलं. आतां कोप कां?"

म्हटलं, "अम्मा, तुम्ही तीनशे वर्षांपूर्वी गाव सोडलंत. गवतातलं तुम्हाला काय कळतं?"

"गवत नाहीं कळत," म्हणाल्या, "भाऊ कळतात. मला तिघे आहेत. भाऊ उदंड रुसला कीं हुकूम जसाच्या तसा पाळतो."

मला त्यांचा राग आला. कॉफी अर्धी ठेवून उठले.

पण हत्तीगवताचं मला काय वाटतं ते ऐक, आणि हे भांडण नाही, शहाणपणाचं सांगते. इथे इमारतीखाली हिरवळ केलीय. एकच जात, गादीसारखी. नारायणस्वामी नावाचा म्हातारा माळी रोज पाणी मारतो. गेल्या आठवड्यात चार दिवस टँकर आला नाही. चौथ्या दिवशी सगळी हिरवळ एकदम पिवळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट आहे, विटांचे तुकडे पडलेत, कुणी थेंब पाणी घालत नाही. तिथे हिरवं. मी पोरीला कडेवर घेऊन भिंतीशी गेले, वाकून बघितलं. पाच-सहा तऱ्हेचं गवत, त्यात वेल, त्यात जांभळी फुलं. काही वाळलेलं, काही उभं. नारायणस्वामीला हाताने दाखवलं, हे असं नि ते तसं का. तो तमिळमध्ये बरंच बोलला. अम्मांनी सांगितलं त्यावरून एवढं कळलं की इथे एकच पोर आहे, त्याला ताप आला की घरात काम करायला कुणी उरत नाही. तिथे घरभर माणसं आहेत.

आपलं कुरण काय आहे सांग मला. वर कातळाजवळ कुसळी आणि पवन्या, त्यांना पाणी कमी चालतं. मधे शेडा. खाली मारवेल, तिला ओल लागते. मधे मधे शेंगांचे वेल, फुलांची झुडपं. पाऊस जास्त झाला तर खालचं लोळतं पण वरचं उभं राहतं. श्रावणात पावसाने दडी मारली तर मारवेल मान टाकते, पवन्या चालू राहतो. कुणी ना कुणी उभं असतं म्हणून बाबांची गंज कुठल्याच साली बसकी झाली नाही. हत्तीगवत नदीकाठच्या काळ्या मातीत लाव, पाणी दे, खत दे, ते ताडासारखं वाढेल. चार बोटं मातीवर, उतारावर, वाऱ्यात ते काय खाणार? पहिल्या वर्षी फोटो काढण्यापुरतं येईल. मग ओघळ पडतील आणि मुळं उघडी पडतील. आपल्या वाडीत हे तुला मी सांगायला हवं?

सुनेत्राचा फोन आला होता, पाटणला बाजाराला उतरली होती तेव्हा. म्हणाली, ती कॉलेजची चौकटवाली मॅडम कागद देऊन गेलीय. तीच ना, जी दुष्काळाच्या साली दोन पोरींना घेऊन यायची, गवतावर लोखंडी चौकट टाकायची आणि आत काय काय उगवलंय ते लिहून घ्यायची? मी तिला मोजणी खात्याची समजून पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. कागद इंग्रजीत आहे, तू न वाचताच कणगीवर टाकलास म्हणे. मी सुनेत्राला म्हटलं, फोटो काढून पाठव. त्यात तुझ्या म्हशींचं काहीतरी निघेलच.

३० तारखेला तुझ्या भागाला हात लावू नकोस. बाकी भांडण आपण सावकाश करू.

सगुणा


१५ जुलै, मंगळवार

काशिनाथ,

आज काय लिहायचं ते मला ठाऊक नाही. पण लिहिलं नाही तर ते माझ्याच अंगात राहील.

रविवारी ऋजुताने तो कागद वाचून दाखवला. ती सिरुसेरीला मोठ्या कंपनीत आहे, दिवसभर असलेच तक्ते बघते. पाय पसरून बसली, पोर मांडीवर. मी लसूण सोलत होते.

"मावशी, डाव्या भागात एका चौकटीत सरासरी तेवीस जाती. उजव्या भागात नऊ."

म्हटलं, "उजवा माझा. साफ ठेवला होता मी. पुढे वाच. वजन सांग."

"दुष्काळाच्या वर्षी डावीकडे जेवढं वाळलं गवत निघालं, त्याच्या निम्मंही उजवीकडे निघालं नाही. पुढच्या वर्षी पाऊस खूप झाला, तेव्हाही डावीकडे जास्त."

"बघ. मी म्हणत होते. चराईचं काय लिहिलंय?"

ती खाली खाली वाचत गेली. "चरल्याची खूण दोन्हीकडे नाही. शेण नाही, खूर नाही."

लसणाची पाकळी माझ्या बोटांत तशीच राहिली. म्हटलं, "मातीत फरक असेल. त्याच्याकडे जाड माती."

"वर, मधे, खाली, तिन्ही ठिकाणी खणून बघितलंय. दोन्हीकडे सारखीच खोल. ऊन सारखं, उतार सारखा. म्हणूनच त्यांनी हे कुरण निवडलं, असं लिहिलंय. असं एकाला एक लागून सापडत नाही."

"मग कमी का, ते लिहिलंय का नाही?"

"लिहिलंय. उजव्या भागात शेंगवाल्या वनस्पती जवळजवळ नाहीत. त्या मुळांतून जमिनीला खत देतात, त्यावर बाकीचं गवत पोसतं. त्या गेल्यावर आधी गवत पिवळं पडलं, मग नाजूक जाती गेल्या, मग उरलेल्यांना कोरडं साल सोसलं नाही." मग तिने बोटांनी फोटो मोठा केला. "आणि इथे बाजूला मराठीत पेनाने लिहिलंय. 'या भागातली शेंगवाली झुडपं कुणीतरी मुद्दाम उपटून काढलेली दिसतात. कुणी आणि का, ते घरच्यांना विचारायचं राहिलं.'"

काशिनाथ, मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. पाणी गरम येत होतं, इथे दुपारी गार पाण्याच्या नळालाही गरमच येतं. हात भाजला तरी काढला नाही.

मीच ती. मीच उपटली.

चांदी गाय मेली ते तुला माहीत आहे. ती कुरणात शिरली होती, श्रावणात, ओलं हिरवं खाल्लं आणि पोट फुगून मेली. डावी कूस ढोलासारखी झाली होती. डॉक्टर वर चढून येईपर्यंत संपलं. तिच्या तोंडात ती पिवळ्या फुलांची कवला होती आणि रानमुगाचा वेल होता. मी ते तिच्या दातांतून ओढून काढलं. आणि ठरवलं की हे वेल मारेकरी आहेत, माझ्या वाटणीत एकही ठेवायचा नाही.

तीन पावसाळे मी ते उपटले. तू तेव्हा पुण्याला ट्रकवर होतास, दिवाळीलाच यायचास. पाऊस लागून माती मऊ झाली की मी काट्यांच्या कुंपणातून आत शिरायची नि फुलं यायच्या आत ओढून काढायची. रोज एक पोतं. शेंग धरू दिली नाही, बी पडू दिलं नाही. कवला गेली, रानमूग गेला, रानउडीद गेला. हात हिरवे व्हायचे, धुऊन जायचे नाहीत. तिसऱ्या वर्षी उपटायला काही उरलं नव्हतं तेव्हा मला काय आनंद झाला होता. कुरण कसं विंचरलेल्या केसांसारखं दिसत होतं.

मग दुष्काळाचं साल आलं आणि माझं गुडघ्याला आलं, आणि मी पाच माणसं बोलावली.

सुनेत्राने बघितलं होतं मला. एकदा विचारलंही होतं, "ताई, फुलं का काढता?" मी म्हटलं होतं, "तू तुझी भाकरी बघ, जळतेय." तिने तुला सांगितलं नाही. देवळासमोर मी तुझ्या म्हशींना शिव्या देत होते तेव्हा ती खांबाला टेकून उभी होती, तेव्हाही बोलली नाही. का नाही बोलली ते तिला विचार. मला विचारायचं धाडस नाही.

मला अजून खरं वाटत नाही. ऋजुताला मी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मावशी, कागद बदलणार नाही." खोटं नाही बोलली ती. पण माझ्या हातांनी? मी बाबांच्या पाठीमागे पेंढ्या बांधत मोठी झाले. प्रत्येक गवताचं बी मला चावून ओळखता येतं. मला कळायला नको होतं?

आणखी लिहवत नाही.

सगुणा


२० जुलै, रविवार

काशिनाथ,

पाच दिवस झाले. त्या पत्रात मी एक गोष्ट चोरली होती, ती आधी लिहिते, म्हणजे मग मागायला तोंड राहील.

चांदी कुरणात शिरली नाही. मी आत सोडली.

त्या दिवशी मी सरपण घेऊन उतरत होते, पाऊस चढून आला होता. कुरणाच्या वाटेने गेलं की घर जवळ. मी काट्यांचं दार ओढून आत आले, गाय माझ्या मागे आली, आणि भारा डोक्यावर असल्याने मी दार तसंच टाकलं. वर म्हटलं, खाऊ दे दोन घास, माझीच वाटणी आहे. घरी जाऊन चूल पेटवली आणि विसरले. श्रावणात कुरण बंद का ठेवतात ते आपल्याला कळायला लागल्यापासून माहीत आहे. ओलं हिरवं फुगवतं. तेच वेल वाळवून गंजीत घातले की तीच गाय ते चाटून खाते नि दूध वाढतं. तुला काय सांगायचं. म्हणजे वेल मारेकरी नव्हते. मी दार उघडं टाकलं होतं. ते मला पेलवलं नाही, म्हणून मी तीन वर्षं फुलांना फाशी दिली. मग तेही पेलवेना म्हणून तुझ्या म्हशी काढल्या.

हे मी कुणाला बोलले नव्हते. काल सीतालक्ष्मी अम्मांना बोलले, कारण त्या समोर होत्या. मला वाटलं आता काहीतरी शहाणपणाचं म्हणतील. त्या म्हणाल्या, "बरें जालें, आतां जेव." सांबार वाढलं. जेवले.

आता कामाचं.

एक. पंचांना पुन्हा बोलाव. माझं नाव घालून हे वाचून दाखव, जसंच्या तसं: काशिनाथच्या म्हशी माझ्या भागात कधीच चरल्या नाहीत. माझं गवत माझ्याच हातांनी कमी झालं. देवळासमोर मी खोटं बोलले, तेव्हा मला ते खरं वाटत होतं. खाली माझी सही करतेय. कागद वेगळा फाडून जोडलाय. तू वाचायला लाजशील तर सुनेत्राला वाचायला दे. ती वाचेल.

दुसरं. तुझ्या भागावर औषध मारू नकोस. माझ्यावर राग असेल तो माझ्यावर काढ, दोन एकर मेलेत ते तुझ्या रागाला पुरे आहेत. तुझ्या भागात अजून तेवीस जाती उभ्या आहेत. त्या तू लावलेल्या नाहीस, मीही नाही, बाबांनीही नाही. एकदा मारल्या की बाजारात त्यांचं बी मिळत नाही. मी इथे ऋजुताला फोनवर शोधायला लावलं. हत्तीगवताची कांडी घरपोच येते, म्हणाली. पवन्याचं बी कुठे दिसलं नाही.

आणि मागणं. कापणी झाल्यावर पेंढी बांधायच्या आधी आपण ती जमिनीवर दोनदा आपटतो, बी त्याच जागेवर पडावं म्हणून. ज्याची वाटणी त्याच्यात. एकाचं बी दुसऱ्याच्या वाटणीत कुणी झाडत नाही, मालक बघत असतो. मी तुझ्याकडे ते मागते. या दसऱ्यानंतर तुझ्या डाव्या भागातल्या पेंढ्या रेघ ओलांडून माझ्या उजव्या भागात आणून आपटू दे. वरच्या कातळाजवळच्या पेंढ्या वर, ओढ्याच्या पेंढ्या खाली. मिसळायच्या नाहीत, ज्या मातीची ज्याला सवय. शेंगा असलेल्या पेंढ्या आधी. शेंगा तडकायला लागल्या की विळा लावायचा, त्याच्या आधी नाही. मी येईन आणि मी स्वतः आपटेन, तुझ्या माणसांना काम नको. एका सालात होणार नाही. पाच लागतील, सात लागतील. मी अठ्ठेचाळीसची आहे, तेवढी जगेन. औषधाने माती किती दिवस धरून ठेवलीय ते त्या मॅडमना विचारायला हवं. सुनेत्राकडे त्यांचा नंबर आहे. या वेळी मी पाणी विचारीन.

हे सारखं करणं आहे. मला पंचांसमोर हेच म्हणायचं होतं, असं मी आता म्हणू शकत नाही, कारण तेव्हा मला तसं म्हणायचं नव्हतं. तेव्हा मला तुझं कमी झालेलं बघायचं होतं.

तू पंप कसा उचललास हे मी पहिल्या पत्रात विचारलं होतं. आता विचारत नाही. सुनेत्रा म्हणाली, औषध मारून आल्यावर तू दोन दिवस जेवला नाहीस आणि कुणाशी बोलला नाहीस. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. ज्याला सूड घ्यायचा असतो तो जेवतो.

२८ तारखेला, सोमवारी, भावाचा उपवास आहे. गेल्या साली मी धरला नव्हता. इथे ऋजुताला उपवास कशाचा ते सांगायची लाज वाटली होती, म्हणून मुद्दाम सकाळीच इडली खाल्ली. या साली धरणार आहे, तू बोल किंवा नको बोलू. त्याचा नि उत्तराचा संबंध लावू नकोस. उपवास माझा आहे, औषधाचा पंप तुझा आहे.

पण उत्तर मला पाहिजे. पत्राला वेळ नाही, पाटणला उतर आणि सुनेत्राच्या फोनवरून फोन कर. ऋजुताने सोमवारच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलंय. पोरीला तीन दिवस अम्मा बघणार आहेत, तंजावरचं मराठी शिकवून ठेवतील, नंतर मी निस्तरीन. मंगळवारी नागपंचमीला मी वाडीत पोचते. बुधवारी तू पंप घेऊन वर आलास तर मी डाव्या भागात बसलेली असेन, कातळाजवळ. मला ओलांडून मारावं लागेल, आणि मी उठणार नाही, तुला माहीत आहे.

मारणार असशील तर तसं सांग, म्हणजे मी गाडीत बसते. मारणार नसशील तर तेही सांग, म्हणजे तिकीट दसऱ्याचं करते आणि विळा घेऊन येते. रेघेपलीकडे पेंढ्या नेऊ देणार की नाही तेही त्याच फोनवर सांग. गप्प बसणं हे उत्तर मी धरणार नाही. देवळासमोर तू गप्प बसलास आणि त्याचं काय झालं ते आपण दोघांनी बघितलं.

सोमवार, २८ जुलै, दुपारी चारच्या आत. गाडी सहाची आहे.

तुझी ताई,
सगुणा